शिंकं हललं होतं

आमच्या आणि बाबूमिया पिंजाऱ्याच्या घरात भिंत एकच होती. दगडमातीची, चांगली दीड हात जाडीची, दोन्हीकडची माळवदं तिच्यावरच टेकलेली. ती आमच्या पणज्यानं बांधली की त्यांच्या, यावर तात्या, म्हणजे माझे वडील, आणि बाबूमिया अधूनमधून वाद घालत, पण तो पान खाताना घालायचा वाद होता. भिंतीच्या आमच्या अंगाला स्वयंपाकघर होतं आणि तिच्यावर एक लांबलचक लाकडी फळी ठोकलेली होती. आईची पितळेची सगळी भांडी त्या फळीवर असत. पलीकडच्या अंगाला बाबूमिया कापूस पिंजायचा. छताला दोरीनं टांगलेली माणसाएवढी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि तातीवर लाकडी ठोकळ्याचा मार. सकाळची न्याहारी झाली की पलीकडं धुन् धुन् सुरू व्हायचं आणि इकडं फळीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची. आधी वाट्या, मग फुलपात्री, आणि काम जोरात असलं तर कडेची परातसुद्धा. आई चुलीपुढं बसल्या बसल्या सांगायची, आज जुन्या गादीचा कापूस दिसतोय, तात अडखळतीय. नवा पाहुणा आला की दचकायचा. आम्हाला मात्र तो आवाज थांबला की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

त्याच भिंतीत, चुलीपासून हातभर वर, एक आरपार झरोका होता. ताट आडवं करून सरकवलं तर जाईल एवढा. बाबूमियाची बायको हलिमाचाची तिकडून हाक मारायची, "वैनी, इंगळ हाय का जी?" की आई फुटक्या खापरीत विस्तव घालून सरकवायची. ताक जायचं, अंबाडीची भाजी जायची, तिकडून करडईचं तेल यायचं, ईदेला शेवया यायच्या. सोनाआत्या त्या शेवयांवर आधी पाण्याचे चार थेंब शिंपडायची आणि मग दोन वाट्या खायची. पाण्याच्या थेंबांनी नेमकं काय होतं, हे मी एकदा विचारलं तर माझ्या पाठीत धपाटा बसला.

सोनाआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. विशीतच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिचा जगावर विश्वास नव्हता, आणि जगानं तिच्याशी केलेल्या वागणुकीकडं पाहिलं तर तो का असावा, हे मला आता या वयात कळतं. तेव्हा मात्र तिचा संशय हा घरातला विनोद होता. पिठाचा डबा झाकताना ती पिठावर आपली पाच बोटं उठवून ठेवायची, म्हणजे कुणी पीठ काढलं तर कळावं. गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगाला शेणाचा एक पट्टा ओढायची. दूधवाल्याला ती समोर बसवून दूध मोजायला लावायची आणि मग आपल्या मापानं पुन्हा मोजायची. तात्या म्हणायचे, आक्का देवाच्या नैवेद्यालासुद्धा खूण करून ठेवील. हसायला सोपं आहे, पण आज माझ्या सुनेच्या नकळत मीही गव्हाच्या डब्यात बोटं उठवून ठेवते. रक्त कुठं जातं?

आत्याची सगळ्यांत मोठी खूण होती ती पेवावर. गोठ्यात, त्याच सामाईक भिंतीच्या बुडाशी, आमचं पेव होतं. जमिनीत दोन पुरुष खोल, आत रांजणासारखं फुगीर, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आतून कडब्याचं अस्तर लावून त्यात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी टाकायची, वर माती आणि शेणाचं सारवण. सारवण ओलं असतानाच आत्या त्यावर आपला उजवा पंजा उठवायची. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस, डोक्यात जाणारा वास असतो. तिची भाकरी पिवळसर होते आणि ती खाल्लेला माणूस बोलला तरी ओळखू येतो. आम्हाला तोच वास भुकेचा वाटायचा. आई पेवातल्या ज्वारीचा एक वाटा दरवेळी झरोक्यातून पलीकडं द्यायची. म्हणजे आमचं पेव कुठं आहे आणि कधी उघडतं, हे घराबाहेर फक्त पिंजाऱ्याच्या घराला ठाऊक होतं.

आणि ते ठाऊक असणं त्या वर्षी फार मोठी गोष्ट झाली होती. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, पण तसं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं, कारण कोण कुणापुढं काय म्हणतंय याचाच भरवसा उरला नव्हता. लेव्हीचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी धान्यवसुलीचा, कारकून लोखंडी पहारी घेतलेली माणसं बरोबर घेऊन गावोगाव हिंडायचा. ते गोठ्यात, अंगणात पहार आपटून बघत, पोकळ आवाज आला की खणत. भूमकडच्या आईच्या भावाचं सगळं पेव असं निघालं होतं आणि वर मामाला दोन महिने धाराशिवच्या तुरुंगात बसावं लागलं होतं. कागदावर त्या गावाचं नाव उस्मानाबाद होतं, आमच्या तोंडात धाराशिव. मामा सुटून आला तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. त्यामुळं आमच्या पेवातली दोन वर्षांची ज्वारी म्हणजे नुसतं धान्य नव्हतं, ती सापडली असती तर तात्या तुरुंगात गेले असते. तिकडं रझाकारांच्या बातम्या येत होत्या, इकडं लोक चावडीवरून जाताना आवाज खाली करत होते. आणि नेमकं त्याच दिवसांत हलिमाचाचीचा धाकटा भाऊ मुस्तफा तिच्याकडं राहायला आला. अंगात खाकी सदरा. झालं, आत्याला झोप लागेना. "खाकी घातल्याली माणसं पाव्हणी म्हणून येत न्हाईत," ती आईला म्हणाली. त्या दिवसापासून झरोक्यातून विस्तव देताना आईचं बोलणं कमी झालं, हे मला दिसत होतं.

तो दिवस तेरच्या बाजाराचा. सुगी संपून उन्हं तापायला लागली होती. तात्या आणि आई रानात होते, आत्या ओसरीवर पदर तोंडावर घेऊन पडली होती. मी बारा वर्षांची. मला तूर निवडायला बसवलं होतं. स्वयंपाकघराच्या मधोमध, आढ्याला, दोरीचं शिंकं टांगलेलं होतं आणि त्यात लोण्याचं गाडगं. आईनं सकाळीच ताक घुसळलं होतं. आत्या घोरायला लागल्याची खात्री करून मी उखळ पालथं घातलं, त्यावर चढले, गाडग्यात दोन बोटं घातली आणि लोणी जिभेवर विरघळेपर्यंत डोळे मिटून उभी राहिले. मग खाली उतरले, शिंकं हातानं थांबवलं, उखळ जागेवर नेलं आणि शहाण्यासारखी तूर निवडायला बसले. दोन सुपं निवडून झाली. हे दोन सुपांचं लक्षात ठेवा, कारण तेवढ्यात शिंकं कधीच थांबलं होतं, हे मला ठाऊक होतं आणि ते मी गिळलं.

भांडी वाजायला लागली. मी मान वर केली नाही, कारण भांडी वाजणं ही आमच्या घरात रोजची गोष्ट होती. पण थोड्या वेळानं ध्यानात आलं की पलीकडून कमानीचा ठेका नाही. ठेक्याशिवायच वाट्या एकमेकींवर किणकिणत होत्या. मग फुलपात्री, मग परात, आणि परातीचा आवाज कधी नव्हे इतका मोठा. मांडीखालची भुई अशी वाटत होती की जात्यावर कुणी दळतंय आणि मी खालच्या तळीवर बसलेय. सुपातली तूर आपोआप एका कडेला सरकायला लागली. मी वर पाहिलं तर शिंकं हलत होतं. मी हात लावून कितीतरी वेळ झाला होता, ते थांबलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता ते पाळण्यासारखं मागं-पुढं होत होतं, आतलं गाडगं दोरीला घासत होतं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे. गाडगं चुगली करतंय. एक फुलपात्र फळीवरून खाली पडलं, घरंगळत उंबऱ्याशी गेलं, आणि सगळं थांबलं.

आवाजानं आत्या उठून आत आली.

"कमळे, काय पाडलंस?"

"म्या न्हाय पाडलं. आपसूक पडलं."

"आपसूक? त्येला पाय फुटले व्हय?"

"भांडी वाजली आत्या. लई वाजली. भुईबी हलली."

आत्या काही बोलायच्या आधी भिंतीकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबूमिया तर बाजाराला गेलाय. सकाळी जाताना म्या सोता बघितलाय त्येला. मग भांडी कशानं वाजली?"

तिनं माझा दंड धरला. "कुठल्या अंगानं आला आवाज?"

भांडी त्या भिंतीवर होती, मी भिंतीकडं बोट केलं.

"ठोकल्यावानी?"

मी मान हलवली. होय म्हणून.

सांगायच्या गोष्टी माझ्याकडं तीन होत्या. भांडी वाजली, भुई हलली आणि शिंकं हललं. पहिल्या दोन मी सांगितल्या आणि त्या दोन्ही भिंतीपलीकडं बोट दाखवत होत्या. तिसरी, आढ्याच्या मधोमध टांगलेली, कुठल्याच भिंतीला न टेकलेली, ती मी ठेवून घेतली. शिंकं हललं म्हटलं असतं तर आत्यानं आधी विचारलं असतं, तुझा हात लागला का? आणि मग गाडग्यात बघितलं असतं. दोन बोटांची खूण लोण्यात स्वच्छ दिसत होती, आत्याच्या पिठासारखीच.

आत्या तडक गोठ्यात गेली. मी मागोमाग. पेवाच्या तोंडावरच्या तिच्या पंज्याला अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक भेग गेली होती. ती खाली बसली, भेगेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली माती नाकाशी नेली. "खालनं खणायला लागलेत," ती म्हणाली. आज मला वाटतं, ती भेग बहुतेक आधीपासूनच होती. उन्हाळ्यात सारवण तडकतंच, आणि त्या महिन्यात आत्यानं गोठ्यात वाकून कधी पाहिलं असेल याची मला शंका आहे. पण त्या दुपारी ती भेग बघून थोडा वेळ मला स्वतःलाच खरं वाटलं की पलीकडून कुणीतरी खणतंय.

दिवेलागणीच्या आधी तात्या-आई आले. आत्यानं दार लावून सगळं सांगितलं. आईचा पहिला तर्क निराळा होता. "तेरखेड्याला शोभेची दारू करतेत, तिथं काय भडकलं असंल का?" तात्या म्हणाले, ते भडकलं तर आवाज आभाळात होईल, भिंतीत कशाला? त्यांनी भिंतीला कान लावला. पलीकडं मुस्तफा खोकला. बस, तेवढंच. तात्यांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कमळ, नीट आठव. ठोकल्याचा आवाज हुता?" आत्यापुढं होय म्हणून गेले होते, आता तात्यांपुढं नाही कसं म्हणू? मी म्हणाले, "व्हय." तात्यांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात. बरोबरीनं वाढलेल्या माणसाविषयी असं ऐकावं लागलं, याची शरम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी दगड आणि चिखल आणून झरोका लिंपायला घेतला. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती. निम्मा झरोका बुजला आणि पलीकडून चाचीचा आवाज आला.

"वैनी, क्या हुआ जी?"

आईनं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी हातातला दगड तसाच धरून ठेवला.

"उंदरं लई झालेत भाबी," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी."

पलीकडून चाची म्हणाली, "हौ. इधर बी भोत हुए." तात्यांनी शेवटचा दगड बसवला. त्या दिवशी आईनं भाकरी करपवली, आणि आमच्या घरात भाकरी करपलेली मी तेव्हाच पहिल्यांदा खाल्ली.

पेव आता तिथं ठेवायचं नाही असं ठरलं. रानातल्या कडब्याच्या गंजीखाली ज्वारी न्यायची. तात्यांनी फरशी सरकवली, एक दिवस वाफ जाऊ दिली, मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला नाही, तेव्हा ते स्वतः उतरले. पेवात कंदील विझला तर माणूसही विझतो, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक असतं. वर पाट्या येऊ लागल्या, त्यावर वैरण टाकून गाडी रानात जाऊ लागली. आत कुठंही खणल्याची खूण नव्हती. कडब्याचं अस्तर जसंच्या तसं. तात्यांनी वर येऊन तसं सांगितलं, तर आत्या म्हणाली, "आजून पोचले नसतील." पण वासाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन वर्षांचं पेव भर उन्हाळ्यात उघडलेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत शिरणाऱ्या कुत्र्यालासुद्धा कळलं असतं की इथं कुणाचं तरी पेव उघडलंय.

तिसऱ्या दिवशी लेव्हीचा कारकून आला. दोन माणसं, दोन पहारी. त्याला कुणी सांगितलं होतं की तो आपला फिरत आला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पेव निम्मं रिकामं झालं होतं आणि त्याच्या तोंडावर गोवऱ्यांचा ढीग घाईघाईनं रचला होता. गल्लीत आधी बाबूमियाचं दार, मग आमचं. मी ओसरीवर होते, आत्या माझ्या मागं, आणि तिचा श्वास मला मानेवर लागत होता. कारकून चाचीच्या दाराशी थांबला आणि नाक वर करून त्यानं विचारलं, "ये किसके घर की बू है?"

आत्या पुटपुटली, "आता बोलती बघ ही."

चाची दारात आली. डोक्यावर पदर नीट घेतला. "मेरे घर की है साब," ती म्हणाली. "बकरियों के वास्ते सरकी भिगाई थी. सड़ गई." ती आत गेली, सरकीचं गाडगं घेऊन आली आणि थेट त्याच्या तोंडापुढं धरलं. सरकी खरंच भिजवलेली होती आणि खरंच आंबली होती. कारकुनानं नाकाला रुमाल लावला. आमच्या अंगणात त्याच्या माणसांनी दोन ठिकाणी पहार आपटल्यासारखं केलं, गोठ्यात एकानं नुसतं डोकावलं, आणि ते वरच्या आळीला गेले. तात्या आत येऊन माठाजवळ बसले. पाणी प्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"तिनं आपल्याला वाचीवलं," आई म्हणाली.

आत्या म्हणाली, "का वाचीवलं? मतलब असल्याबिगर कुणी खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य तिनं चाचीविषयी म्हटलं होतं, पण बसलं मला. मी खोटं बोलले होते आणि माझा मतलब दोन बोटं लोण्याचा होता. त्या आठवड्यात आईनं दोनदा भाकरीवर लोणी दिलं, दोन्ही वेळा मी ते पुसून ताटाच्या कडेला ठेवलं. भिंत दिवसभर धुन् धुन् वाजायची, भांडी थरथरायची, आणि आई आता कापूस नवा की जुना ते सांगत नव्हती. मी पुष्कळदा ठरवलं की सांगून टाकावं. पण खोटं जेवढे दिवस ठेवावं तेवढं ते जड होतं, आणि आता तर ते पेवाएवढं झालं होतं.

मग धाराशिवला गेलेले गावातल्या शाळेचे मास्तर परत आले. ते तात्यांच्या ओसरीवर पान खायला यायचेच. म्हणाले, तात्या, त्या बाजाराच्या दिवशी दुपारी भूकंप झाला म्हणे. कुठंतरी फार लांब, पण त्याची लहर आपल्याकडं आली. धाराशिवात लोकांची भांडी वाजली, बारवेतलं पाणी हिंदकळलं. "तुमच्याकडं काही कळलं का?"

तात्या म्हणाले, "भांडी वाजली. पण आमची भांडी तर पिंजाऱ्यामुळं रोजच वाजतेत."

"भांडी नव्हे," मास्तर म्हणाले. "भिंतीला न टेकलेलं, टांगलेलं काही हललं का? कंदील, पाळणा, शिंकं?"

मी दारामागं उभी होते. मास्तरांना काही माहीत नव्हतं, ते सहज विचारत होते, पण मला वाटलं त्यांनी बोटानं माझ्याकडंच दाखवलंय. मी पुढं आले आणि म्हणाले, "शिंकं हललं हुतं."

"मग तवाच का न्हाई बोललीस?" आत्या म्हणाली.

आईनं मागं वळून स्वयंपाकघरातल्या शिंक्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या उखळाकडं, मग माझ्याकडं. तिला विचारावं लागलं नाही. तात्या उठले, गोठ्यातून पहार आणली आणि झरोक्यातला चिखल उकरायला लागले. दगड निघाले, माती पडली, आणि हात आत गेला तो थांबला. आत पलीकडून चुन्याचा गिलावा होता. नवा, पांढरा, नीट घोटलेला. त्यांनीही त्यांच्या बाजूनं झरोका बुजवला होता. आईनं त्या गिलाव्यावर बोटांनी टकटक केलं. "भाबी," ती म्हणाली. "आवो भाबी." पलीकडं कमान सुरू झाली आणि आमच्या फळीवरच्या वाट्या किणकिणू लागल्या.

मी गल्लीतून वळसा घालून चाचीच्या दाराशी गेले. एवढ्या वर्षांत त्या दारानं जायची कधी वेळच आली नव्हती. चाची सरकी निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, लोण्यापासून. मध्येच रडू आलं तरी थांबले नाही. ती ऐकून घेईपर्यंत कमान थांबली होती, म्हणजे बाबूमियाही ऐकत होता.

"कितना खाया?" तिनं विचारलं.

"दोन बोटं."

तिला हसू आलं, पण ते तिनं तोंडावर येऊ दिलं नाही. "मेरी बी सुन," ती म्हणाली. "उस दिन मेरी कमान आपसे आप बोली. मैं अकेली थी, मुस्तफा सोया था. मैं समझी, तुम लोगां उधर से दीवार ठोकतेत. आदमी बाजार से आया तो उसकू बोली. वो बोला, जमाना खराब है, झरोका बंद कर. सुबू मैं चुना भिगा के बैठी थी, इत्ते में तेरा बापच लिंपने लगा." तिनं सरकीतला एक खडा काढून टाकला. "हमकू भोत बुरा लगा. अपना शक था, तो बी बुरा लगा."

"मंग सरकीचं खोटं कशाला सांगितलंस?"

"मेरे मटके में बी तुम्हारे पेव की जवारी थी ना गे. तेरा बाप पकड़ा जाता तो मैं बी जाती." मग सरकीत हात फिरवत हळूच म्हणाली, "और वैनी का मूं देखना पड़ता मेरेकू रोज."

संध्याकाळी तात्या आणि आई त्यांच्या दारात गेले. आईनं बरोबर लोण्याचं अख्खं गाडगं नेलं, चाचीनं ते घेतलं. तात्यांनी माफी मागितली, बाबूमियानं मागितली, दोघांनी पान खाल्लं, मुस्तफा धाराशिवच्या मोटारीवर क्लीनर आहे आणि खाकी सदरा मोटारमालकाचा आहे हेही कळलं. पण झरोक्याचं निघालं तेव्हा बाबूमिया म्हणाला, "तात्या, त्यो ऱ्हाऊ द्या बंदच. आज आपल्याला कळलं, उद्या अजून कशानं भांडी वाजतील आन परत शक येईल. जमाना नीट झाला की दोगं मिळून खोलू." तात्यांना हे पटलं नाही, पण त्यांनी मान हलवली. सोनाआत्यानं तर भूकंपच मान्य केला नाही. शेषानं डोकं हलवलं तरी आपल्याच घराखाली का हलवील, असं ती म्हणायची. मला मात्र ती एकदाच बोलली, तेही पाठमोरी: "लोन्याच्या गाडग्यातबी बोटं उठवाय पायजे हुती म्या."

जमाना नीट झाला का, हे मला सांगता येणार नाही. बदलला. पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं, आणि भिण्याची पाळी पलीकडच्या घरावर आली. आपल्या गावात काही झालं नाही असं आम्ही नंतर फार अभिमानानं सांगत असू. पण काही झालं नाही तरी बाबूमिया राहिला नाही. एका सकाळी कमान गाडीत आडवी घातली, चाची वर बसली, आणि ती माणसं तिच्या भावकीकडं सोलापूरच्या बाजूला गेली. गाडी हलली तेव्हा आई दारात उभी होती, तिच्या हातात खापरी होती आणि खापरीत विस्तव. का आणला होता कोण जाणे. झरोका तसाच राहिला, इकडून उकरलेला आणि तिकडून चुन्यानं बंद. भांडी पुन्हा वाजली नाहीत.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, गणपती बोळवल्यानंतरच्या पहाटे, किल्लारीची भुई हलली. लोहारा-उमरग्याकडं गावंच्या गावं माणसांसकट गेली, ते सकाळी कळलं. त्या घटकेला मी धाराशिवला मुलाकडं होते. शेजारच्या घराशी भिंत एकच, आणि तिच्यावर सुनेच्या स्टीलच्या भांड्यांचा रॅक. भांडी कडाकडा वाजायला लागली, सून धडपडत उठली आणि म्हणाली, "शेजारच्यांनी काय पाडलं एवढ्या पहाटे?" मी खाटेवर उठून बसले. शेजारचे लोक फार सज्जन आहेत, सून बोलली तेही झोपेत बोलली. पण मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नातू जागे झाले. "भिंतीकडनं न्हाय," मी म्हणाले. "त्यांनी काय केलं न्हाय. खालनं हाय. वर पंखा बघा, हलतोय." मुलगा पोरांना उचलून बाहेर पळत होता, सून माझा हात धरून ओढत होती, आणि मी उंबऱ्याबाहेर गेले तरी पंख्याकडं बोट करून तेच सांगत होते.